फंक्शन : सूत्र एक, हिशेब अनेक

आज्ञावलीत वारंवार लागणारा हिशेब एकदाच लिहून त्यास नाव देणे, म्हणजे फंक्शन. १९४९ साली सुरू झालेल्या केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी डेव्हिड व्हीलर यांनी अशा उप-आज्ञावली वापरण्याची पद्धत बसविली.

आपल्या निंबोला-बुऱ्हाणपूर भागातील केळीचेच उदाहरण घेऊ. पायथन भाषेत 'डेफ' या शब्दापुढे 'पट्टी' हे नाव व कंसात वजन, भाव, खर्च या राशी लिहाव्यात. आत सूत्र : वजन गुणिले भाव, वजा खर्च. समजा, वजन ४० क्विंटल, भाव १,२०० रुपये व एकूण खर्च १,५०० रुपये आहे. तर उत्तर ४६,५०० रुपये. दुसऱ्या शेतकऱ्यासाठी केवळ आकडे बदलतात.

येथे दोन पथ्ये पाळावीत. भाव रोज बदलतो, म्हणून तो सूत्रात कायमचा लिहू नये, बाहेरून द्यावा. तसेच 'प्रिंट' उत्तर पडद्यावर केवळ दाखविते, तर 'रिटर्न' ते पुढील हिशेबाच्या हाती देते. दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज करावयाची, तर 'रिटर्न'च हवे.

मात्र सूत्र एकच असल्याने त्यातील चूक प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्टीत उतरते. यास्तव हाताने केलेल्या पट्टीशी ताळा जुळल्यावाचून फंक्शन वापरू नये.