समोर उभे असून 'नो-शो'

बारडोलीहून नागपूरला ताप्ती लाइनच्या गाडीने का नाही गेलात, असं जो तो विचारतोय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गाडीतला एवढा लांबचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. म्हणून सुरत–अहमदाबाद छोटं विमान आणि तिथून नागपूर. स्टेशन रोडवरच्या एजंटला मी स्पष्ट विचारलं होतं, पहिलं लेट झालं तर? "काका, कनेक्टिंग छे, चिंता ना करो."

त्या सकाळी धुकं होतं. डुमस रोडच्या विमानतळावर ईटीडी, म्हणजे सुटण्याची अंदाजे वेळ, पुढे पुढे सरकत राहिली. अहमदाबादला उतरलो तोवर नागपूरचं चेक-इन बंद. काउंटरवरच्या मुलीने आमचे दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पीएनआरवर, म्हणजे बुकिंगच्या क्रमांकावर, पेन टेकवलं. एकावर वेगळी अक्षरं, दुसऱ्यावर वेगळी. "ही दोन स्वतंत्र तिकिटं आहेत. तुमची नोंद 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, अशी होणार." आई तिच्यासमोर व्हीलचेअरवर बसलेली!

त्या मुलीला काय बोलणार? एजंटला फोन लावला. निर्लज्जपणे म्हणतो, "टाइम कनेक्ट थाय छे ने, काका!" नंतर फोन उचलणंच बंद. नागपूरची नवी तिकिटं मी दुप्पट पैसे मोजून काढली.

तेव्हा आधी पीएनआर बघा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील, तरच पहिल्याच्या उशिरामुळे पुढचं चुकल्यावर सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. पीएनआर दोन असले, की बॅगाही स्वतः घेऊन बाहेर यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. मधे निदान चार तास ठेवा, धुक्याच्या दिवसांत त्याहून जास्त. 'डायरेक्ट'लाही भुलू नका. ते विमान वाटेत उतरू शकतं. कुठेही न थांबणारं हवं असेल तर 'नॉन-स्टॉप' मागा. नऊ आसनी विमानात किती किलो सामान चालतं ते आधीच विचारून ठेवा. सरकारच्या 'उडान' योजनेचं स्वस्त भाडंही बहुतेक विमानांत ठरावीक जागांनाच असतं, सगळ्यांना नाही.

ब्लॉक टाइम म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा वेळ. तो अडीच तासांपर्यंत असेल आणि विमान दोन तास किंवा जास्त रखडलं, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं देणं विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या नियमाने बंधनकारक आहे. आपल्याकडच्या छोट्या उड्डाणांना हेच लागू होतं. आम्ही मागितलं तेव्हा मिळालं. मागा.

बाकी कागद नीट वाचा, सगळं लेखी घ्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

परत आल्यावर एजंटकडे गेलो तर म्हणे, "नो-शोमां कंई ना मळे." साफ खोटं. मूळ भाडं बुडतं, पण सरकारी कर आणि विमानतळाचं वापरशुल्क, ज्याला यूडीएफ म्हणतात, ते नो-शो झालं तरी परत द्यावंच लागतं. तो नियम छापून मी त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने कागदाला हातही लावला नाही. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली, दोन्ही पीएनआर आणि त्याचा 'कनेक्टिंग' लिहिलेला मेसेज जोडून.