कण्याचा क्षय, कुबड आणि शस्त्रक्रिया



लागण-खोडवा सोडून ऊस विकास विभागाने दुखण्यावर का लिहावे, असे कुणी म्हणेल. कारण फडातच घडले. गेल्या हंगामात एका टोळीतल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर उंचवटा दिसला. चालताना पाय अडखळत होते. बाप म्हणाला, "पट्टा पडू द्या साहेब, उचल फिटली की दाखवू." आम्ही त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. मणक्याचा क्षय निघाला. डॉक्टरांकडून जे समजले ते येथे देत आहोत.

कुबड का येते? कीड कांडी आतून पोखरते आणि ऊस तिथेच मोडतो, तसेच हे आहे. क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात शिरतात. मणक्याची पुढची बाजू झिजते, मागची शाबूत राहते, म्हणून कणा पुढे वाकतो. पू किंवा हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबला की पायांतली शक्ती जाते.

शस्त्रक्रिया कुणाला? हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक या डॉक्टरांनी १९५६ साली नवी पद्धत मांडली. पुढच्या बाजूने मणक्यापर्यंत जाऊन पू व कुजके हाड काढायचे आणि त्या जागी रोग्याच्याच हाडाचा तुकडा बसवून मणके सांधायचे. त्याने कुबड कमी वाढते. पण बहुतेक रोगी नुसत्या औषधांनी, हिंडत-फिरत बरे होतात, हेही पुढे चाचण्यांत दिसले. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ साली 'मधला मार्ग' मांडला: आधी औषधे, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. औषधे चालू असूनही पायांत शक्ती येत नसेल, कणा डळमळीत असेल किंवा कुबड वाढत असेल, तर ती करावी लागते. आता मागच्या बाजूने स्क्रू व सळ्या बसवून कण्याला आधारही देतात.

मुलांना जपा. रोग बरा झाला तरी वाढीच्या वयात कुबड वाढू शकते. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत तपासणी चुकवू नये. जुने, घट्ट झालेले कुबड सरळ करणे अवघड असते आणि त्यात मज्जारज्जूला धोका असतो.

गोळ्या सोडू नका. शस्त्रक्रिया झाली तरी औषधे निदान १२ महिने घ्यावीच लागतात. ती सरकारी केंद्रात फुकट मिळतात. 'निक्षय'मध्ये नोंद असली की टोळी दुसऱ्या गावी गेली तरी उपचार पुढे चालू ठेवता येतात. २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात.

त्या पोराची शस्त्रक्रिया झाली. आता तो चालतो, गोळ्या चालू आहेत. कुबड मात्र थोडे राहिले. आधी आणला असता तर कदाचित तेवढेही राहिले नसते.

म्हणून सभासदांना आणि मुकादमांना विनंती, की पाठदुखी महिना-दीड महिना हटत नसेल, सोबत संध्याकाळचा ताप असेल, वजन घटत असेल, तर शेक-मालिशीत दिवस घालवू नका. पट्टा पडण्याची वाट पाहू नका. माणूस आधी दवाखान्यात न्या, उचलीचे मागाहून बघता येईल.

— ऊस विकास अधिकारी