अपंग कलावंत आणि चित्रपटसृष्टी

अंगी अभिनयगुण असूनही केवळ शारीरिक व्यंगामुळे भूमिका नाकारली जावी, हा चित्रपटसृष्टीतील जुना अडसर होय. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात बसलेल्या जोरदार थपडेमुळे येवल्याच्या ललिता पवार यांच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला व डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. अभिनय मात्र उणावला नाही. 'अनाडी' (१९५९) मधील प्रेमळ घरमालकिणीच्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक लाभले. तरीही तो अधू डोळा पडद्यावर बहुधा खाष्ट सासूचे लक्षण म्हणूनच वापरला गेला.

१९८१ मधील अपघातानंतर मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा उजवा पाय कापावा लागला. 'जयपूर फूट' बसवून त्या पुन्हा नृत्य करू लागल्या आणि 'मयूरी' (१९८५) या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःच्याच जीवनावरील भूमिका साकारली. अशी संधी अपवादानेच लाभते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये भेदभावास मनाई आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चित्रपटांनी अपंगत्वाची टर उडवू नये व अशा चित्रणात दिव्यांगांचा सहभाग असावा, असे स्पष्ट केले.

तथापि, महाड तालुक्यातील वरंधसारख्या घाटपायथ्याच्या गावातील अपंग तरुणास मुंबई गाठणे हीच पहिली परीक्षा ठरते. तेथे निवडचाचणीची जागा जिना चढून असेल, तर त्याचे गुण अजमावलेच जाणार नाहीत. म्हणून चाचणी तळमजल्यावर घ्यावी, आणि भूमिका अपंगाची नसली तरीही त्याला ती देऊ द्यावी.