दोन यमुना आणि ई-पुस्तकें

मराठींतील पहिली कादंबरी कोणती, असा प्रश्न केला असतां वरच्या वर्गांतील विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर देतात : बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', सन १८५७. उत्तर बरोबर आहे. परंतु ही यमुना कोण, ती पर्यटनास कां निघाली, वाटेंत तिला कोण भेटलें, असें पुढें विचारावें तर वर्ग निःशब्द होतो. यांत विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाहीं. जें पुस्तक त्यांच्या दृष्टीसही पडलें नाहीं तें त्यांनीं वाचावें तरी कसें? आपल्या वाङ्मयेतिहासांतील कित्येक ग्रंथांची स्थिति अशीच झाली आहे. नांव सर्वांच्या मुखीं, आणि प्रत मात्र एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटांत.

ही अडचण अलीकडे पुष्कळ अंशीं दूर झाली आहे. ती कशी, आणि अद्याप काय उरलें आहे, हें सांगण्याचा येथें विचार आहे. (लेखांत जुन्या पद्धतीचे अनुस्वार मुद्दाम राखले आहेत. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नियम बदलले. त्यापूर्वींचीं पुस्तकें ज्यांस वाचावयाचीं आहेत त्यांच्या डोळ्यांस या टिंबांची संवय असावी हें बरें.)

संगणकावर किंवा मोबाइलवर वाचतां येईल असें पुस्तक तें ई-पुस्तक. या उद्योगाचा आरंभ अमेरिकेंत झाला. ४ जुलै १९७१ रोजीं मायकेल हार्ट नांवाच्या तरुणानें आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर स्वतः टंकलिखित करून ठेवला व ज्यास हवा असेल त्यानें तो घ्यावा असें ठरविलें. त्या यंत्रांत इंग्रजीचीं लहान अक्षरें नव्हतीं, म्हणून सगळा मजकूर मोठ्या अक्षरांतच उमटला. पंधराव्या शतकांत बायबल छापणाऱ्या गुटेनबर्गाचें नांव हार्टनें आपल्या कार्यास दिलें. तो २०११ सालीं वारला. परंतु 'प्रॉजेक्ट गुटेनबर्ग'च्या संग्रहांत आज ७०,००० हून अधिक पुस्तकें आहेत, आणि डिकन्स किंवा जेन ऑस्टिन यांच्या कादंबऱ्या आपल्याकडील खेड्यांतल्या मुलासही एक पैसा न खर्चितां मिळतात.

मराठी पुस्तकें मात्र बहुतांशीं दुसऱ्या वाटेनें आलीं. तेथें मजकूर टंकलिखित करण्याऐवजीं पानांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेखालीं देशांतील ग्रंथालयांमधील जुनीं पुस्तकें एकामागून एक यंत्राखालीं धरण्यांत आलीं, व त्यांपैकीं बरींचशीं आज १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संग्रहांत सांपडतात. शोधतांना पुस्तकाचें नांव देवनागरींत लिहून न मिळाल्यास रोमन अक्षरांत, आणि तेंही दोनतीन प्रकारें लिहून पाहावें. सूची करणारांनीं मराठी नांवांचे रोमन लिपींत जे हाल केले आहेत ते पाहून हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं.

पुस्तक उघडलें कीं प्रथम तें कोणत्या जातीचें आहे हें ओळखावें. एक जात चित्राची. जुनें पान जसेंच्या तसें पुढें येतें; ग्रंथालयाचा शिक्का, वाळवीनें पाडलेलें छिद्र, कोणा विसरलेल्या वाचकानें समासांत ओढलेली रेघ, सर्व कांहीं. लेखकाच्या काळीं जें छापलें तेंच आपण वाचीत आहों, असा भरंवसा या जातींत मिळतो, आणि मला स्वतःला तीच प्रिय आहे. परंतु तिच्यांत उणेंही आहे. लहान पडद्यावर पान सारखें इकडून तिकडे सरकवावें लागतें. एखादा शब्द पुस्तकांत कोठें आहे हें शोधतां येत नाहीं. आणि सर्वांत मोठें उणें असें कीं, अंध विद्यार्थ्यास तें पुस्तक नसल्यासारखेंच आहे. पडद्यावरील अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविणारी योजना आतां मोबाइलमध्यें असते. परंतु तिला अक्षरें लागतात, आणि येथें तर नुसतें चित्र.

दुसरी जात मजकुराची. हिच्यांत अक्षरें लहानमोठीं करतां येतात, शब्द शोधतां येतो, कानांनीं ऐकतांही येतें. मात्र चित्रावरून अक्षरें ओळखण्याचें काम पुष्कळदां यंत्राकडून करून घेतलेलें असतें, आणि जुन्या मराठी छपाईपुढें यंत्राची बरीच तारांबळ उडते. 'ध' आणि 'घ' यांत त्यास भेद दिसत नाहीं; मग 'धन गेलें' याचें 'घन गेलें' होतें आणि सावकारी बुडाल्याऐवजीं ढग निघून जातात. 'म' व 'भ', 'थ' व 'य' यांचीही तीच गत. अनुस्वार गळला तर 'नांव' या शब्दाची 'नाव' होऊन ती पाण्यावर तरंगूं लागते, आणि 'तीं' म्हणजे अनेक मुलें असतां 'ती' म्हणजे एकच मुलगी उरते. म्हणून वाक्य अडलें कीं लेखकास दोष देण्यापूर्वीं मूळ पानाचें चित्र मिळाल्यास पाहावें.

आतां हीं पुस्तकें हातीं आल्यानें लाभ काय, हें एका उदाहरणानें सांगतों. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे मूळचे बेळगांवचे. १८५४ सालीं ते ख्रिस्ती झाले. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालीं झाला आणि पुढल्याच वर्षीं त्यांची कादंबरी निघाली. सुशिक्षित यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते. ठिकठिकाणीं तिला विधवा भेटतात व आपली हकीकत सांगतात. पुढें तिच्यावरच वैधव्याचा घाला पडतो. अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. लेखकाचा हेतु धर्मप्रसाराचा आहे हें उघड आहे, आणि वाचकानें तें ध्यानांत ठेवूनच वाचावें. शिवाय पात्रें संभाषण करण्याऐवजीं व्याख्यानें देतात, हा दोष मी ख्रिस्ती असलों तरी मला झांकतां येत नाहीं. पण त्या स्त्रियांचें दुःख त्यांच्याच तोंडून ऐकविण्याचें काम या पुस्तकानें मराठी कादंबरींत प्रथम केलें.

यानंतर सुमारें तीन तपांनीं दुसरी यमुना आली. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनीं १८९० सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें व त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. हिची नायिकाही यमुनाच, घरांतली यमू. ती आपली कहाणी स्वतः सांगते. भावाबरोबरच्या बाळपणापासून आरंभ करते, सासरच्या माणसांचे स्वभाव एकेक करून उभे करते, आणि पति वारल्यावर तिचें बळजबरीनें केशवपन होतें तेथवर आपणांस नेते. येथें उपदेश जवळजवळ नाहीं. पुनर्विवाह नाहीं, सुटकाही नाहीं. कथा म्हणून आपट्यांची कृति कितीतरी वरची आहे. तथापि दोन्ही एकामागून एक वाचल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, कायदा होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी यमूच्या घरांत त्याचा वाराही शिरला नव्हता. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत १८५६ हा आंकडा येतो. त्या आंकड्याचें घराघरांत काय झालें तें या कादंबऱ्यांत आहे.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. हीं पुस्तकें फुकट घेणें ही चोरी नव्हे काय, अशी शंका कांहींजण काढतात, व ती काढावी हें योग्यच आहे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत ग्रंथाचा हक्क राहतो, व ती मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० सालीं वारले. म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. पदमनजी व आपटे यांचे ग्रंथ त्याच्या पुष्कळ आधीं मोकळे झाले. मात्र अशा ग्रंथास आजच्या कोणी नवी प्रस्तावना, टीपा किंवा चित्रें जोडलीं असतील तर त्यांवरील हक्क त्या माणसाचा असतो. हयात लेखकाची कादंबरी कोणी मित्र मोबाइलवर धाडील तर ती चोरीच समजावी. दुसरी गोष्ट मोबाइलबद्दलच्या भीतीची. पुस्तक एकदां उतरवून घेतलें कीं इंटरनेट बंद करून वाचतां येतें. मुलास तसें बसवावें, आणि पहिलीं कांहीं प्रकरणें घरांतील कोणीं मोठ्यानें वाचलीं तर आजीसही ऐकावयास मिळतील.

विद्यार्थिमित्रांनो, चित्रांतील पुस्तकाचें निर्दोष मजकुरांत रूपांतर करण्यास माणसांचे डोळेच लागतात. इंग्रजींत हें काम अनेक वर्षें स्वयंसेवक करीत आले आहेत. मराठींत 'विकिस्रोत' येथें तें चालतें, आणि मदत करणारे हात थोडे आहेत. तेथें एका बाजूस जुन्या पानाचें चित्र व दुसऱ्या बाजूस यंत्रानें ओळखलेला मजकूर दिसतो. न तपासलेल्या पानावर तांबडी खूण असते. एकानें तपासलें कीं पिवळी, आणि दुसऱ्यानें पुन्हां पडताळलें कीं हिरवी. आपलें पान आपणच हिरवें करतां येत नाहीं. ज्यांचें शुद्धलेखन चांगलें आहे अशांस मात्र एक सूचना आहे. मूळ लेखकाचें शुद्धलेखन सुधारूं नये. चित्रांत 'कांहीं' असेल तर 'काही' करूं नये, आणि एकाच पानावर लेखकानें एक शब्द दोन तऱ्हांनीं लिहिला असेल तर दोन्ही तशाच राहूं द्याव्या.