सदनिकेच्या भिंतींपलीकडे : घर घेऊ पाहणाऱ्या पुतणीस पत्र



पत्रास कारण की, मुलुंड येथील पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतली पुनर्विक्रीची सदनिका घ्यावी की घोडबंदर रस्त्यालगत बांधकाम चालू असलेल्या उंच इमारतीतली नवी सदनिका घ्यावी, असा प्रश्न पुतणीसमोर आहे आणि आतापर्यंतचा सगळा विचार खोल्या, ओटा, हवा-उजेड, स्थानकाचे अंतर आणि कर्जाचा हप्ता यांभोवतीच फिरलेला दिसतो. या बाबी गौण नाहीत. परंतु शहरात सदनिका घेणारी व्यक्ती एकाच व्यवहारात दोन वस्तू विकत घेत असते : एक चार भिंतींच्या आतली, जी अर्ध्या तासात पाहून होते, आणि दुसरी त्या भिंतींच्या बाहेरची, म्हणजे जमीन, पाया, खांब, गच्ची, जिना, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याचे नळ आणि हे सारे सांभाळणारी सभासदांची संस्था, जिच्याकडे न पाहताच बहुतेक लोक करारावर सही करतात. घर किती वर्षे सुखाने वापरता येईल हे मात्र मुख्यतः या दुसऱ्या वस्तूवर ठरते.

महाराष्ट्रात अशा सामायिक मालकीची दोन रूपे प्रचलित आहेत. पहिले सहकारी गृहनिर्माण संस्थेचे, ज्यात १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था जमीन व इमारत स्वतःच्या नावावर करून घेते आणि सभासदाकडे संस्थेचे भाग व त्यांच्या आधारे सदनिका वापरण्याचा हक्क असतो. दुसरे रूप १९७०च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाचे, ज्यात प्रत्येकजण आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक असतो आणि जमीन व सामायिक जागांमध्ये त्याचा अविभक्त हिस्सा, म्हणजे वाटणी करून वेगळा न काढता येणारा हिस्सा, घोषणापत्रात टक्केवारीने नमूद केलेला असतो. मुंबईत पहिले रूप रुळलेले आहे. गावदेवीची सारस्वत ही सहकारी गृहनिर्माण संस्था तर १९१५ सालीच नोंदली गेली होती. हा फरक पुस्तकी वाटला तरी खर्चाच्या वाटणीत तो रोज जाणवतो : अपार्टमेंटमध्ये खर्च हिश्शाच्या प्रमाणात पडतो, तर संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांनुसार, पहारेकरी, झाडलोट, कार्यालय यांसारखे सेवाशुल्क लहान-मोठ्या सर्व सदनिकांना समान असते, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर ठरतो आणि दुरुस्तीचा निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चावर आकारला जातो.

मुलुंडच्या इमारतीबाबत सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न असा की, संस्थेच्या नावावर जमीन झालेली आहे काय. विकसकाने जमीन व इमारत यांची मालकी नोंदणीकृत दस्ताने संस्थेकडे देणे, याला अभिहस्तांतरण किंवा बोलीभाषेत कन्व्हेयन्स म्हणतात. १९६३च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांनुसार दुसरी मुदत ठरलेली नसल्यास ते संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत व्हावयास हवे, तरीही अनेक इमारतींत सभासद वर्षानुवर्षे राहतात, कर भरतात, रंगरंगोटी करतात आणि जमिनीच्या मालकीची नोंद असलेल्या मालमत्ता पत्रकावर नाव मात्र विकसकाचे किंवा मूळ जमीनमालकाचेच राहते. यावर उपाय म्हणून २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली, जिच्यामुळे विकसक टाळाटाळ करीत असल्यास संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून एकतर्फीही मालकी मिळवू शकते. तीस वर्षांच्या इमारतीचा पुनर्विकास दहा-पंधरा वर्षांत दारात येणार हे गृहीत धरले पाहिजे, आणि तेव्हा वाढीव बांधकामाचा लाभ कोणाचा हा वाद जमिनीच्या नावावरूनच पेटतो. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न थांबता मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा पुतणीने स्वतः काढून वाचावा.

दुसरा कागद भोगवटा प्रमाणपत्राचा, ज्याला व्यवहारात ओसी म्हणतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली असून तीत राहण्यास हरकत नाही, असे स्थानिक प्राधिकरण त्यातून लिहून देते. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढवले गेले, तेथे कुटुंबे दशकानुदशके राहिली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करण्यास नकार दिला तेव्हा पूर्ण पैसे मोजून आलेल्या लोकांवर घर सोडण्याची पाळी आली. ‘सगळे राहतातच ना’ हा युक्तिवाद दलाल हमखास करतो; त्या युक्तिवादाचे मोल वरळीच्या रहिवाशांनी चुकवले आहे.

घोडबंदरच्या नव्या इमारतीला २०१६चा स्थावर संपदा अधिनियम, म्हणजे रेरा, लागू होतो आणि त्याने ग्राहकाला पूर्वी नसलेली काही बळे दिली आहेत. विकसकाला करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवून जमीन व बांधकामावरच खर्च करावी लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. चटई क्षेत्राची व्याख्याही निश्चित झाली : आतल्या विभाजक भिंती धरून वापरता येणारी जागा मोजली जाते, बाहेरच्या भिंती, सज्जा आणि गच्ची मोजली जात नाही, त्यामुळे दोन इमारतींची तुलना या एकाच मापाने करावी आणि जाहिरातीतले दुसरे कोणतेही माप मनावर घेऊ नये. उघड्या आवारातील किंवा इमारतीखालच्या खांबांमधील वाहनतळाची जागा विकसकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेला आहे.  घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, हे पुतणीने विसरू नये.

आता ज्याविषयी खरेदीदार सर्वांत कमी विचारतात त्या देखभालीकडे वळणे आवश्यक आहे. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी वा पुनर्बांधणीसाठी राखून ठेवावयाचा निधी, किमान ०.२५ टक्के असावा. बांधकाम खर्च २० लाख रुपये धरला तर पहिल्यापोटी वर्षाला १५,००० आणि दुसऱ्यापोटी ५,००० रुपये होतात. पुष्कळ संस्था सभासदांची नाराजी नको म्हणून हे आकडे कागदापुरते ठेवतात आणि ‘आमच्याकडे मेंटेनन्स अगदी कमी आहे’ हे विक्रेता गुण म्हणून सांगतो, पण जुन्या इमारतीत फार कमी मेंटेनन्स ही धोक्याची खूण मानावी, कारण न साठवलेली रक्कम पुढे एकदम, प्रत्येकी लाखांच्या वर्गणीच्या रूपाने मागितली जाते आणि तेव्हा निम्मे सभासद हात वर करतात.

हा खर्च का टळत नाही हे समजण्यासाठी पाणी कोणत्या वाटेने मुरते ते पाहिले पाहिजे. न्हाणीघराचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली टाकलेला असतो, त्या खोलगट भागात विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा घालून त्यावर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यातील सिमेंट निघून गेले की पाणी कोब्यात मुरते, तेथून स्लॅबमध्ये उतरते आणि खालच्या घराच्या छताला प्रथम पिवळसर डाग पडतात. नव्या काँक्रीटचा अल्कधर्म आतल्या सळईचे गंजापासून रक्षण करतो, परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून हा गुण घालवतो, आणि मग ओल पोचताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक असल्याने तो काँक्रीटला आतून रेटतो, सळईच्या रेषेत चीर उमटते आणि शेवटी पोपडा सुटून लाल तपकिरी सळई उघडी पडते. संरचना अभियंता अशा ठिकाणी हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतो, आणि जेथे गुलाबी रंग येतो तेथे काँक्रीट अजून सळईचे रक्षण करीत आहे, जेथे रंग येत नाही तेथे ते बळ संपले आहे, असा निष्कर्ष काढतो. अशा उघड्या सळईवर नुसते प्लास्टर थापून रंग मारणे म्हणजे आजार झाकणे होय, आणि विक्रीस काढलेल्या घराच्या छताचा रंग नेमका वरच्या न्हाणीघराखालीच ताजा असेल तर पुतणीने त्याची चौकशी अवश्य करावी.

गळतीचा खर्च कोणाचा यावरून शेजाऱ्यांत जितके वैर माजते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून माजत असेल, वास्तविक नियम पुरेसा स्पष्ट आहे : गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक नळ आणि पावसाची गळती ही संस्थेची जबाबदारी, तर सदनिकेतल्या न्हाणीघरातून किंवा मोरीतून होणारी गळती ज्या सभासदाच्या घरातून होते त्याची. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने फरशी फोडण्यास नकार देणे हा खालच्या कुटुंबावर सरळ अन्याय आहे, आणि पुतणी ज्या दिवशी वरच्या मजल्यावरची रहिवासी असेल त्या दिवशी तिने पहिल्या तक्रारीलाच दार उघडून प्लंबरला आत घ्यावे. घरात बदल करतानाही हाच विवेक हवा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ जणांचे प्राण गेले आणि तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. खोली मोठी करण्यासाठी भिंत पाडावीशी वाटली तर संस्थेची लेखी परवानगी आणि संरचना अभियंत्याचा अभिप्राय हाती येईपर्यंत कारागिराला घणही उचलू देऊ नये. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावयास हवी.

घर झाल्यावर वार्षिक सर्वसाधारण सभेला, जी ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची असते, पुतणीने नियमाने जावे, लेखापरीक्षण अहवाल वाचून जावे, आणि समितीत कोणी उभे राहत नसेल तर स्वतः राहावे, कारण सचिवपद सांभाळणारे निवृत्त गृहस्थ थकले की सुशिक्षित तरुणांनी भरलेल्या इमारतींचेही हिशेब अडतात. सभासदत्व मिळताच नामनिर्देशन भरून द्यावे; मात्र नामनिर्देशित व्यक्ती वारसाच्या हक्कांवर मात करीत नाही, म्हणून मृत्युपत्राची गरज त्याने संपत नाही.

दोन पर्यायांपैकी मुलुंडच्या इमारतीची कागदपत्रे चोख असतील तर तीच घ्यावी, असे येथे स्पष्ट मत आहे. नव्या इमारतीतील शेजार, पाणीपुरवठा आणि देखभालीचा खरा खर्च ताबा मिळाल्यावर काही वर्षांनीच उघड होतो, तर जुन्या संस्थेचे तीन वर्षांचे ताळेबंद आणि सभांचे इतिवृत्त आजच वाचता येते. विक्रेत्याला इसार देण्याची घाई करू नये. सचिवांकडे अभिहस्तांतरणाचा दस्त, भोगवटा प्रमाणपत्र, शेवटचा संरचना अहवाल आणि विक्रेत्याची थकबाकी नसल्याचा दाखला मागावा, आणि सलग तीन-चार दिवस पाऊस लागल्यावर पुन्हा एकदा जाऊन सर्वांत वरच्या मजल्यावरील एखाद्या कुटुंबाची परवानगी घेऊन त्यांच्या घराचे छत पाहावे, कारण गच्चीची खरी अवस्था तेथेच कळते.



काकांचे आशीर्वाद