बे एरियात डिझाइन शिकायचंय?

एच-४ व्हिसावर नुकत्याच आलेल्या सुनेला किंवा हायस्कूल संपवत आलेल्या मुलीला डिझाइन शिकायचं असेल, तर खासगी आर्ट स्कूलची भलीमोठी फी भरावीच लागते का? कॅलिफोर्नियाच्या बे एरियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यांचं उत्तर ठाम असतं: आधी कम्युनिटी कॉलेज बघा. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत; कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल तर हाकेच्या अंतरावर.

राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीत एका युनिटला ४६ डॉलर पडतात, डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीत ३१. असोसिएट पदवीला क्वार्टरची ९० युनिट्स, म्हणजे २,७९० डॉलर. किरकोळ शुल्कं आणि साहित्य वेगळं. बाहेरच्यांना मात्र याच्या कैक पट मोजावे लागतात.

त्यामुळे रहिवासी ठरणं महत्त्वाचं, आणि नवीन मंडळी नेमकी इथेच अडतात. सत्र सुरू होण्याआधी राज्यात किमान एक वर्ष राहिलेलं असावं लागतं, शिवाय इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसावा लागतो. एच-४ वाल्यांना ही सवलत मिळू शकते, एफ-१ वाल्यांना नाही. पण भाडेकरार, वीजबिल, बँकखातं सगळं नवऱ्याच्याच नावावर असेल तर बायकोने पुरावा द्यायचा कशाचा? म्हणून पहिल्या महिन्यातच करारावर दोघांची नावं घाला, ड्रायव्हिंग लायसन्स काढा, बँकेत जॉइंट खातं उघडा, असं ही कुटुंबं आग्रहाने सांगतात.

वर्गातलं वातावरण वेगळं असतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्यांचा हात चित्रकलेत तयार असतो. त्यांना नवं असतं ते क्रिटिक. प्रत्येकाचं पोस्टर भिंतीवर लागतं, सगळे समोर उभे राहतात आणि प्रश्न सुरू होतात: हाच टाइपफेस का? मजकुराभोवती एवढी मोकळी जागा कशासाठी? ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर तिथे पुरत नाही. मनातल्या मनात मराठीत विचार करून सावकाश इंग्रजीत बोललं तरी चालतं, गप्प राहिलेलं चालत नाही. कटिंग मॅट, ब्रिस्टल बोर्ड, धारदार नाइफ हे साहित्य पहिला तास झाल्यावरच घ्यावं. महागडी सॉफ्टवेअर घेण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये काय मिळतं ते विचारावं.

पुढे चार वर्षांची पदवी हवी असेल तर असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर कोणता विषय कुठे मोजला जातो ते पहिल्याच सत्रात तपासावं. सॅन होजे स्टेटमध्ये ग्राफिक डिझाइनच्या बीएफएसाठी पोर्टफोलिओची वेगळी पारख होते, तेव्हा केवळ युनिट्स जमवून भागत नाही. सांता मोनिका कॉलेजने तर २०१६पासून इंटरॅक्शन डिझाइनची पदवीच सुरू केली आहे. हाताशी भारतातली पदवी असेल, तर अनेकांना छोटं सर्टिफिकेट आणि नेटका पोर्टफोलिओ पुरेसा होतो.

पगारी इंटर्नशिप मात्र नोकरीतच मोडते. एच-४ वर वर्क परमिट हातात आल्याशिवाय ती घेऊ नये. आणि एच-४ वरच्या मुलांनी २१ वर्षं पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी व्हिसा बदलण्याबाबत वकिलाशी बोलावं; ऐन सत्रात ही धावपळ झाली, तर रहिवाशाची फीसुद्धा धोक्यात येते.