मुंबईची ‘सुहैली’ आणि आमची होडी

यावेळच्या भित्तिपत्रकासाठी मी होडी कशी बांधतात याचा अभ्यास केला आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी खाडीवर होडी बांधताना पाहिली असेल. पण आपल्या मुंबईत बांधलेली एक लहान होडी सगळ्या पृथ्वीला फेरी घालून आली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तिचे नाव ‘सुहैली’.

हे मला माझ्या मामाने सांगितले. तो मुंबईत माटुंग्याला राहतो आणि तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आहे. हे वर्कशॉप 1915 साली सुरू झाले. तिथे गाडीचे डबे तपासणीला व दुरुस्तीला येतात. डबा चाकांवरून वर उचलतात, एकेक भाग सुटा करून बघतात आणि मग परत जोडतात. पूर्वी गाडीच्या चाकावर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचे, असे मामा सांगतो. खणखणीत आवाज आला तर चाक चांगले. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माटुंग्याला गेलो होतो. एका रविवारी मामाने मला लोकलने गेटवेला नेले. तिथे समुद्रात शिडाच्या होड्या नांगरून ठेवलेल्या होत्या. मी विचारले, अशा होड्या इथे मुंबईत बांधतात का? तेव्हा मामाने सुहैलीची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर आमच्या गुरुजींनी मला आणखी माहिती काढून दिली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचे एक इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजावर अधिकारी होते. त्यांचे जहाज मुंबईला येई. त्यांना वाटले, आपल्या घरची अशी एक होडी असावी आणि तिच्यातूनच इंग्लंडला जावे. म्हणून त्यांनी होडीचे नकाशे मागवले. गंमत अशी की मागवले एका होडीचे आणि आले दुसऱ्याच होडीचे! ती जुन्या पद्धतीची होती, तिला ‘एरिक’ म्हणत. पण परत मागवायला वेळ नव्हता, मग तीच बांधायचे ठरले. मला वाटते ते बरेच झाले, कारण ती दणकट होती.

कुलाब्याच्या एका कारखान्यात काम सुरू झाले. होडी सबंध सागाची. आपल्याकडचे सुतार वाकसाने लाकूड तासत आणि सामत्याने भोके पाडत. सामता म्हणजे दोरी ओढून फिरवायचे हत्यार. विजेचे यंत्र नाही. आधी खाली कणा ठेवतात, मग त्याला माणसाच्या फासळ्यांसारखी वाकडी लाकडे जोडतात आणि त्यांच्यावर फळ्या ठोकतात. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापूस कोंबतात, म्हणजे पाणी आत येत नाही. माझे आबा अजून असेच करतात. ते त्यावर राळ आणि तेलही लावतात.

1964 साली सुहैली पाण्यात उतरली. लांबी 32 फूट. मी आपला वर्ग टेपने मोजला, तो 20 फूट भरला. म्हणजे वर्ग आणि बाहेरचा व्हरांडा मिळूनही ती थोडी बाहेरच राहील. तिला लहान डिझेल इंजिन होते, पण मुख्य काम शिडांचे. सुहैली हे अरबी खलाशांनी आग्नेयेच्या वाऱ्याला दिलेले नाव आहे.

1965 च्या डिसेंबरात रॉबिन, त्यांचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे मुंबईहून निघाले. आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाता जाता त्यांचे पैसे संपले! मग दक्षिण आफ्रिकेत थांबून त्यांनी नोकरी केली आणि पैसे साठवून 1967 साली होडी इंग्लंडला पोचवली. माझ्या आईला हा भाग फार आवडला. ती म्हणाली, होडी म्हटली की पैसे संपायचेच.

नंतर एका वर्तमानपत्राने शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी घालायची. नऊजण निघाले. रॉबिन 14 जून 1968 ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाले आणि 22 एप्रिल 1969 ला तिथेच परत आले. आपली शाळा जूनला सुरू होते आणि एप्रिलमध्ये परीक्षा होते. तेवढे सगळे वर्ष ते एकटे समुद्रात होते! बाकीच्या आठांपैकी एकाचीही शर्यत पुरी झाली नाही. न थांबता एकट्याने फेरी घालणारी जगातली पहिली होडी आपल्या मुंबईची.

पण वाटेत ती गळू लागली. लाकडाची होडी लाटांवर थोडी वाकते, मग फटी उघडतात. निघून काही आठवडे झाले तसे आत पाणी जास्त येऊ लागले. वारा पडल्यावर रॉबिन यांनी पाण्यात बुडी मारून पाहिले. कण्याजवळ दोन्ही बाजूंना लांब फट पडली होती. पाण्याखाली नुसता कापूस राहीना. मग त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर लावले आणि श्वास रोखून पाण्याखाली ती पट्टी खिळ्यांनी ठोकली. श्वास संपला की वर, पुन्हा खाली. गोरे अंग शार्क माशाला दिसू नये म्हणून त्यांनी काळपट कपडे घातले होते. तरी एक शार्क आलाच, तेव्हा त्यांनी वर येऊन त्याला गोळी घातली. शेवटी पट्टीवर तांब्याचा पत्रा मारला. ही गोष्ट मी आबांना सांगितली. आबांनी शार्कचे काही विचारले नाही. ते म्हणाले, “तांब्याचो पत्रो? बरा केल्यान.”

पुढे याच रॉबिन यांच्याकडे 2006 साली आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिकायला गेले. भारतीयाने एकट्याने पृथ्वीला फेरी घालावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. ते निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यात विंचुर्णी गावी राहत. 2018 साली ते वारले. फेरीसाठी होडी गोव्यातच बांधायची ठरले. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा कारखाना आहे. तिथे ‘म्हादेई’ तयार झाली. लांबी 56 फूट, लाकडाच्या दोन्ही बाजूंना फायबर. होडी बांधत असताना दोंदे तिथेच राहिले आणि काम बघत गेले. 12 फेब्रुवारी 2009 ला म्हादेई नौदलात आली. दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि 19 मे 2010 ला मुंबईला परत आले.

याच कारखान्यात 2017 साली ‘तारिणी’ झाली, तिच्यातून नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी फेरी घालून आल्या. त्याच वर्षी माटुंगा स्टेशनवर सगळ्या बायका कामाला आल्या, स्टेशन मास्तरपासून तिकीट खिडकीपर्यंत. हे मामीने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आणि आणखी एक होडी तिथे झाली, ‘तुरिया’. तिचा आकार सुहैलीचाच. तिच्यातून 2018 साली कमांडर अभिलाष टॉमी तशाच शर्यतीला निघाले. दक्षिण हिंदी महासागरात भयंकर वादळ झाले. डोलकाठी मोडली. त्यांच्या पाठीला मार लागला, उठता येईना. पण होडी बुडाली नाही. ते तीन दिवस आतच पडून होते, मग मासेमारीवर देखरेख करणाऱ्या एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. नंतरच्या शर्यतीत, 2023 साली, ते दुसऱ्या होडीतून दुसरे आले.

आता आमच्या होडीविषयी.

आमची जुनी होडी लाकडाची. आबा दरवर्षी तिच्या फटी भरतात, तरी गळते. म्हणून बाबांनी यंदा फायबरची होडी बांधायला दिली आहे. तिला मागे इंजिन बसणार आहे. त्यासाठी बाबांनी कर्ज काढले आणि आईने आपल्या पाटल्या बँकेत ठेवल्या. पावसाळ्याची बंदी उठायच्या आत होडी व्हायला हवी. नाहीतर मासे मिळणार नाहीत आणि हप्ता मात्र सुरू होणार.

खाडीवर शेडमध्ये काम चालते. मी शाळा सुटली की रोज जातो आणि वहीत लिहून घेतो. फायबरची होडी लाकडाच्या उलट, म्हणजे बाहेरून आत होते. आधी साच्याला मेण घासतात, नाहीतर होडी साच्यालाच चिकटेल. मग रंगाचा पहिला थर. तो सुकला की काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची आणि तिच्यावर रेझिन लावायचे. रेझिन म्हणजे एक प्रकारचा चीक. त्यात औषध घातले की तो दगडासारखा कडक होतो. मग रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. असे थरावर थर. दमट हवेत ते नीट सुकत नाही, म्हणून शेडला चारी बाजूंनी ताडपत्री लावली आहे. काचेचे धागे अंगाला लागले तर फार खाज सुटते.

साच्यातून होडी काढली त्या दिवशी आबा आले. त्यांनी खिशातून पाच रुपयांचे नाणे काढले आणि होडीवर ठोकत ठोकत चालू लागले. टक टक टक. नाळेपासून चार हातांवर आवाज बदलला. बद्द आला! आबांनी मला जवळ बोलावले. “हयसर ठोकून बघ. पोकळ वाजता मा?” मी ठोकून पाहिले. खरेच पोकळ वाजत होते. आत हवा राहिली होती.

मिस्त्री म्हणाले, “एवढासा बुडबुडा आहे आबा, काही होत नाही. वरून रंग येईल.” बाबा काहीच बोलले नाहीत. ते दिवस मोजत होते, मला माहीत आहे. आबा म्हणाले, “रंगान पाणी थांबता काय? तां फोडा आणि परत करा.” मिस्त्री थोडे रागावले, पण त्यांनी मशीनने तेवढा भाग घासून काढला. आत माझा हात मावेल एवढी पोकळी निघाली. मग मिस्त्रीच म्हणाले, “नाणं इकडे द्या आबा,” आणि त्यांनी सगळी होडी पुन्हा ठोकून पाहिली. आणखी एक जागा सापडली. तीही त्यांनी परत केली. यात चार दिवस गेले.

मी रात्री मामाला फोन करून सांगितले. तो खूप हसला. म्हणाला, “आबांना आमच्या वर्कशॉपला पाठव.”

आता आतली आडवी लाकडे बसवून झाली आहेत. इंजिनाची जागा तयार आहे, इंजिन पुढच्या आठवड्यात येईल. नाव अजून ठरलेले नाही. बाबा देवीचे नाव म्हणतात, मी सुहैली म्हणतो, आणि आबा म्हणतात आधी पाण्यात जाऊ दे. ज्यांना होडी पाहायची असेल त्यांनी रविवारी सकाळी शेडवर यावे. नाणे आणले तर ठोकून बघायला मिळेल. रेझिनला मात्र हात लावू नये.

— इयत्ता चौथी